करकोच्याची कात्री

एका खोलीत दोघी राहिलो तर पैसे कमी पडतात,
एवढ्याच हिशेबावर
मी आणि शालन वन्सं आठ दिवसांच्या सहलीला निघालो.
लग्नाला माझ्या बेचाळीस वर्षं झाली,
त्यांच्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते.

खिवात तटाला टेकून कबरी होत्या, तटाच्याच मातीच्या,
आणि एक मिनार, जाडजूड, निळा,
अर्ध्यावर सोडून दिलेला.
‘पैसे संपले असणार,’ वन्सं म्हणाल्या.
गाइड नोदिरकडे तीन दंतकथा होत्या.
तिन्ही सांगून झाल्यावर तो म्हणाला,
किंवा पैसे संपले असतील.

मग रेल्वे. सहा तास वाळवंट.
समोरच्या बाईनं गाठोडं सोडून
उकडलेली अंडी पुढे केली.
नाव सांगितलं मुहब्बत, तेव्हा वन्सं
सत्तरीत लाजल्या.
तिची भाषा आम्हाला येत नव्हती,
काही शब्द मात्र घरचेच निघाले.
‘हवो’ म्हणाली, मी खिडकी खाली ओढली.
‘तय्योर’ म्हणाली, पेल्यातून चहा आला.
मुलीचा फोटो दाखवला, रशियात असते,
हफ्त्यातून एकदा फोन.
‘बिचारी, अजून हप्ते फेडतेय,’ वन्सं हळहळल्या.
मी दुरुस्त केलं नाही.
मुलगी रशियात का गेली असेल,
ते हिशेब करून पाहिलं तर
फारसं चूक नव्हतंच.

बुखाऱ्यात हौदाकाठी तुतीची झाडं,
वाळून गेलेली, तरी उभी.
इथे घुमटाघुमटावर करकोच्यांची घरटी असायची.
गल्लोगल्ली हौद होते, हौदांत बेडूक होते.
पाण्यानं रोगराई होते म्हणून हौद बुजवले.
बेडूक गेले. मग करकोचे.
नोदिरच्या आजोबांनी शेवटचा पाहिला होता म्हणे,
पण प्रत्येकाच्याच आजोबांनी पाहिला होता.

आता करकोचे घडवतो लोहार, उस्ता बह्रोम.
लांब चोच म्हणजे पाती,
पाय म्हणजे बोटं घालायच्या कड्या.
वन्संनी हयातभर ब्लाउज शिवले.
त्यांनी कात्री कानाशी नेली,
उघडली, मिटली,
धार ऐकली.
लोहार हातोडा थांबवून बघत राहिला.
घासाघीस न करता त्यांनी काही विकत घेतलेलं
मी पहिल्यांदा पाहिलं.

समरकंदला मान मोडेपर्यंत निळं.
‘यातलं जुनं किती?’ मी विचारलं.
हा हातभर पट्टा जुना, नोदिर म्हणाला,
तो वरचा माझ्या जन्माच्या वर्षीचा,
आणि हा मागच्या उन्हाळ्यातला.
लांबून कळत नाही.
जवळून मला कळत होतं.

त्या रात्री दिवा मालवल्यावर
पलीकडच्या पलंगावरून आवाज आला :
‘ती मोरपंखी साडी मी पडद्यांसाठी कापली ना,
तुझ्या आईची आहे
हे ठाऊक होतं मला.’
खाली कोणीतरी टरबुजांचा टेम्पो रिकामा करत होतं,
एकेक टरबूज हातावर झेलल्याचा आवाज.
मी झोपेत असल्यासारखा श्वास घेतला.
वन्संही पुढे काही बोलल्या नाहीत.
सकाळी त्यांनी माझ्या बशीत
आपल्या वाटणीची जर्दाळू ठेवली.
मी खाल्ली. आंबट होती.

ताश्कंदच्या विमानतळावर त्यांची पर्स अडली.
झिलोला नावाचा बिल्ला लावलेल्या मुलीनं
आतून करकोचा बाहेर काढला,
मान हलवली.
मी भांडायला पुढे झाले,
वन्संनी मनगट धरलं. ‘नियम आहे ना? मग बरोबर आहे.’
बरोबर म्हणजे त्या मुलीच्या भाषेत
सारखे, समसमान.
तिनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं
आणि का कोण जाणे, हसली.
मग वन्संच्या शालीचा एक धागा लोंबत होता,
तो त्याच कात्रीनं अलगद कापला
आणि कात्री खोक्यात टाकली.

वाकून पाहिलं,
आत आधीच सहा-सात करकोचे पडले होते,
चोची मिटून.